न वाचलेल्या संहितेचा अर्थ : ‘मामारी’ फळीवरील चांद्रगणना आणि अर्थनिर्णयनाचे निकष

१

साहित्यविचारात ‘वाचन’ आणि ‘अर्थनिर्णयन’ या दोन संज्ञा एकमेकींना लागून येतात. आधी वाचन, मग अर्थ, असा त्यांचा क्रम गृहीत धरलेला असतो. वाचकाला लिपी येते, भाषा येते, संकेत ठाऊक असतात. प्रश्न उरतो तो अर्थाच्या खोलीचा किंवा अनेकतेचा. परंतु जिची लिपी उलगडलेली नाही, जिचा एकही शब्द खात्रीने उच्चारता येत नाही, अशा संहितेच्या एखाद्या भागाचा अर्थ मात्र बऱ्याच निश्चितीने सांगता येत असेल, तर या क्रमाचे काय होते? ईस्टर बेटावरील, म्हणजेच रापा नुईवरील, रोंगोरोंगो लेखनातील चांद्रगणनेचा उतारा हा असा प्रश्न उभा करतो. लिपिशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. अर्थनिर्णयनाच्या सिद्धान्ताला मात्र त्यातून काय मिळते, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे.

रोंगोरोंगोचे आज उपलब्ध असलेले लेखन सुमारे दोन डझन लाकडी वस्तूंवर आहे. त्यांतली एकही आता बेटावर नाही. त्या जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. चिन्हे माणसे, पक्षी, मासे, वनस्पती, चंद्रकोरी यांच्या आकृतींची आठवण करून देतात. ओळींची मांडणी विलक्षण आहे. एक ओळ संपली की फळी उलटी फिरवून पुढली ओळ वाचावी लागते, कारण लगतच्या ओळींतील चिन्हे परस्परांच्या तुलनेत डोक्यावर उभी असतात. ‘रोंगोरोंगो’ या शब्दाचा संबंध पठणाशी, मोठ्याने म्हणण्याशी आहे. म्हणजे ज्यांनी हे लेखन केले त्यांच्या दृष्टीने ते मुख्यतः डोळ्यांसाठी नव्हते. कंठाच्या आधाराला होते. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

या लेखनाचे वाचन कसे हरपले, हे इतिहासाला ठाऊक आहे. १८६२ च्या अखेरीस पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेटावर धाडी घातल्या आणि सुमारे दीड हजार माणसे, म्हणजे जवळपास निम्मी वस्ती, पळवून नेली. परत आलेल्या मूठभर लोकांबरोबर देवी आली. १८७७ मध्ये बेटावर अवघी १११ माणसे उरली होती. १८६४ मध्ये ऊजेन एरो या फ्रेंच धर्मबंधूने घरोघरी अशा फळ्या असल्याचे कळवले होते. पुढच्या काही वर्षांत त्या शोधूनही सापडेनात. तेव्हा येथे ‘संहितेचे मौन’ हा शब्दप्रयोग अलंकारिक नाही. हे मौन लादलेले आहे, आणि त्याला तारखा आहेत.

२

उपलब्ध फळ्यांपैकी ‘मामारी’ ही एक. टॉमस बार्थेल या जर्मन अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायाभूत ग्रंथात सर्व लेखांना रोमन अक्षरे आणि सर्व चिन्हांना क्रमांक दिले. त्या सूचीत ‘मामारी’ तिसरी येते. ती रोममध्ये जतन केलेली आहे. दोन्ही बाजूंवर प्रत्येकी चौदा ओळी आणि एकूण सुमारे हजार चिन्हे तिच्यावर आहेत. एका बाजूवरील सहाव्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत जाणारा एक उतारा चांद्रमासाशी निगडित आहे, हे बार्थेलनेच प्रथम दाखवले. १९९० मध्ये जाक गी या भाषाशास्त्रज्ञाने त्याचे तपशीलवार विश्लेषण केले. संपूर्ण रोंगोरोंगो लेखनात ज्याच्या आशयाविषयी अभ्यासकांचे व्यापक एकमत आहे असा हा एकमेव उतारा होय.

उताऱ्याची रचना थोडक्यात अशी. चार चिन्हांचा एक ठरावीक गट आठ वेळा येतो. गटाच्या शेवटी दोरीला लटकल्यासारखा मासा आहे, आणि गटात उजव्या अंगाच्या दोन चंद्रकोरी आहेत. या गटांच्या मधल्या जागांत डाव्या अंगाच्या चंद्रकोरींचे लहानमोठे समूह मांडलेले आहेत. या कोरींची एकूण संख्या २९ भरते. त्यांच्या मालिकेच्या मध्याजवळ एकच वेगळे, अन्य चिन्हांहून मोठ्या रचनेचे चिन्ह येते. गीच्या मते ते पौर्णिमेच्या चंद्राचे चिन्ह असून, चंद्रावर बसून उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, पेटवणाऱ्या म्हातारीच्या रापा नुई कल्पनेशी त्याचे नाते आहे. २९ कोरी आणि ही एक पौर्णिमा मिळून ३० रात्री होतात. पौर्णिमेच्या आधीच्या चारही गटांत माशाचे डोके वर आहे. नंतरच्या चारही गटांत ते खाली आहे. ओळी उलटसुलट असल्यामुळे हा फरक पडला असे म्हणता येत नाही, कारण वर आणि खाली या दिशा प्रत्येक ओळीच्या आपल्या दिशेच्या संदर्भात मोजलेल्या आहेत. शुक्लपक्ष आणि कृष्णपक्ष यांतला भेद येथे एका आकृतीच्या उलटण्यातून व्यक्त झाला आहे.

एवढ्यावरून ही चांद्रगणना आहे असे म्हणणे घाईचे ठरले असते. तीस या संख्येभोवती हवे ते रचता येते. निष्कर्षाला बळ मिळते ते फळीबाहेरच्या पुराव्याने. १८८६ मध्ये ‘मोहिकन’ या अमेरिकी नौकेवरून आलेल्या विल्यम थॉमसनने बेटावरील रात्रींची नावे टिपून घेतली. १९३४-३५ मध्ये बेटावर काम केलेल्या आल्फ्रेड मेत्रोनेही तशी यादी दिली. या याद्यांत मासाच्या सर्व रात्रींना स्वतंत्र नावे नाहीत. पूर्वार्धात ‘कोकोरे’ या एकाच नावाच्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सहा रात्री सलग येतात. पौर्णिमेनंतर तशाच पाच येतात. उरलेल्या रात्रींना आपापली नावे आहेत. सहा आणि पाच अशी ही विषम वाटणी कोणत्याही खगोलीय नियमातून निघत नाही. ती त्या समाजाची सवय आहे. फळीवरील कोरींचे समूह या नावांच्या विभागणीशी जुळतात, असे गीने दाखवले. सिद्धतेचा कणा येथे आहे. चंद्र सर्वत्र सारखाच वाढतो आणि घटतो, म्हणून सममितीचा मेळ फारसे काही सिद्ध करत नाही. विषमतेचा मेळ मात्र योगायोगाने बसणे कठीण असते.

३

गणनेच्या आतील तर्कही पाहण्याजोगा आहे. याद्यांनुसार मूळ रात्री २८, आणि त्यांखेरीज गरजेप्रमाणे घ्यावयाच्या दोन जादा रात्री. अमावस्या ते अमावस्या हा काळ सरासरी सुमारे २९.५३ दिवसांचा असतो. म्हणून दर मासात एक जादा रात्र घ्यावीच लागते आणि जवळपास दर दुसऱ्या मासात दोन. मराठी वाचकाला परिचित असलेली तिथीची पद्धत याच्या उलट दिशेने चालते. तेथे मासाचे तीस भाग आधीच ठरलेले असतात, ते सूर्य आणि चंद्र यांच्या अंतरावरून मोजलेले असतात, आणि तिथी सरासरीने दिवसाहून किंचित लहान असल्यामुळे हिशेब मुख्यत्वे क्षयाने जुळवावा लागतो. पंचांग तीसवरून उतरते. रापा नुईची गणना अठ्ठावीसवरून चढते. पहिली पद्धत गणिताची आहे, म्हणून ती आगाऊ छापता येते. दुसरी निरीक्षणाची आहे. तिचा निर्णय त्या त्या रात्री आकाशाकडे पाहूनच करावा लागतो.

या फरकातून संहितेच्या जातीविषयी एक अनुमान निघते. फळीवर दोन जादा रात्री मालिकेच्या शेवटी, विस्तारित अशा गटानंतर, राखून ठेवल्याप्रमाणे मांडलेल्या आहेत. एखाद्या विशिष्ट मासाची नोंद असती तर त्या रात्री वापरल्या तरी गेल्या असत्या किंवा गाळल्या तरी गेल्या असत्या. दोन्ही शक्यता एकत्र नोंदलेल्या आहेत, याचा अर्थ हा लेख घडलेल्या काळाचा वृत्तान्त नाही. तो कोणत्याही मासाला लागू होणारा नियम आहे. ई. डी. हर्श यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात, शब्दार्थाचे आकलन हे संहितेच्या जातीच्या आकलनाशी बांधलेले असते, असे प्रतिपादन केले. ‘मामारी’च्या बाबतीत हे प्रतिपादन टोकाच्या स्थितीत तपासले जाते: येथे शब्द एकही कळत नाही, आणि तरीही जात कळते. जातीचे ज्ञान शब्दज्ञानावर उभे असते हा सामान्य समज त्यामुळे पुरेसा ठरत नाही. पुनरावृत्ती, क्रम, मध्यबिंदू, राखीव जागा एवढ्या साधनांनीही संहिता आपला प्रकार सांगू शकते.

गीने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. पौर्णिमेच्या आधीच्या सहाव्या आणि नंतरच्या सहाव्या रात्रीपूर्वी निम्म्या आकाराची एक लहान कोर वर काढलेली दिसते. चंद्र पृथ्वीपासून दूर असताना त्याचे दृश्य बिंब लहान दिसते आणि गतीही मंदावते, त्यामुळे जादा रात्रीची गरज संभवते. म्हणून माशाचे गट म्हणजे बिंबाचा आकार पाहण्याच्या सूचना असाव्यात, असे त्याने सुचवले. ही कल्पना सुंदर आहे. तिच्यातील खगोलशास्त्रही बरोबर आहे. तथापि तिचा दर्जा आधीच्या निष्कर्षासारखा नाही. मासाच्या नावांना थॉमसन आणि मेत्रो यांच्या याद्यांचा स्वतंत्र आधार होता. बिंबनिरीक्षणाच्या प्रथेला तसा आधार नाही. शिवाय चंद्राचे पृथ्वीपासूनचे दूरत्व दर मासात वेगवेगळ्या कलेला येते, म्हणून ठरावीक जागी काढलेली लहान कोर त्या घटनेची नोंद असू शकत नाही. फार तर ‘येथे पाहावे’ अशी खूण असू शकते. आणि बिंबाच्या व्यासात कमाल व किमान यांमध्ये पडणारा सुमारे १४ टक्क्यांचा फरक, तुलनेला दुसरे बिंब समोर नसताना, नुसत्या डोळ्यांनी ठरवणे सोपे नाही. पहिल्या पायरीवर मिळालेली विश्वासार्हता दुसऱ्या पायरीवर न कळत वापरली जाते, हा अर्थनिर्णयनातला नेहमीचा मोह आहे. ‘चांद्रगणना’ हा निष्कर्ष आहे. ‘बिंबनिरीक्षणाची सूचना’ ही शक्यता आहे. दोहोंमधली रेषा पुसली तर पहिल्याचीच किंमत घटते.

४

निष्कर्षावर घेता येण्याजोगा एक गंभीर आक्षेप येथेच तपासणे योग्य. चंद्रकोरी दोन प्रकारच्या असताना केवळ डाव्या अंगाच्याच मोजायच्या आणि गटांतील सोळा उजव्या कोरी वगळायच्या, ही निवड सोयीची नाही काय? हवी ती संख्या मिळेपर्यंत मोजणीचा नियम बदलणे हा तर लिपिभेदाच्या इतिहासातला जुना दोष. याचे उत्तर निवडीच्या क्रमात आहे. आठ गट एकमेकांशी जुळतात हे कोरी मोजण्याच्या आधीच, चिन्हांच्या वितरणावरून ठरते. पुन्हा पुन्हा येणारा गट हा विभाजक आहे, आणि विभाजकाच्या पोटातले चिन्ह विभागलेल्या मालिकेत मोजू नये, हा नियम संख्या ठाऊक नसतानाही मांडता आला असता. सोस्यूरच्या भाषेत सांगायचे तर येथे कोरीचे मूल्य तिच्या आकृतीवरून ठरत नाही. मालिकेतील तिच्या स्थानावरून आणि अन्य चिन्हांशी असलेल्या तिच्या भेदावरून ठरते. एकच आकृती एका स्थानी रात्र असते आणि दुसऱ्या स्थानी रात्रींमधली सीमा.

हाच विवेक सुटला म्हणजे काय होते, याची उदाहरणे रोंगोरोंगोच्या अभ्यासात विपुल आहेत. त्यांतले एक भारतीय अभ्यासकाला जवळचे आहे. १९३२ मध्ये गियोम द हेवेशीने सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हे आणि रोंगोरोंगो यांतील आकारसाम्याच्या जोड्या लावून दोन्ही लेखनांचा संबंध जाहीर केला. दोहोंमध्ये साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर, अर्धी पृथ्वी पसरलेला समुद्र, आणि दोन्ही लिपी न उलगडलेल्या. एका अज्ञाताने दुसऱ्या अज्ञाताचा अर्थ सांगावा तसा हा प्रकार होता. १९३८ मध्ये मेत्रोने त्याची चिकित्सा केली. हेवेशीच्या पद्धतीत आकृती होत्या, परंतु स्थाने नव्हती. कोणते चिन्ह कशानंतर येते, कितीदा येते, हा प्रश्नच त्याने विचारला नाही. आकृतिसाम्य हे डोळ्याला पटकन पटते, आणि म्हणूनच ते सर्वांत कमी विश्वासार्ह असते.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. १९५६ मध्ये निकोलाय बुतिनोव्ह आणि युरी क्नोरोझोव्ह यांनी ‘लहान सांतियागो’ फळीवरील एका पुनरावृत्त मालिकेत वंशावळ पाहिली. बार्थेलच्या सूचीतले ७६ क्रमांकाचे चिन्ह त्यांनी ‘अमुकाचा पुत्र’ अशा अर्थाचे मानले. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन रॉजर फिशरने ‘सांतियागो दंडा’वरील त्याच चिन्हाला लिंगवाचक ठरवले आणि ‘अमुकाने तमुकाशी संग केला, त्यातून अमुक जन्मले’ अशा सूत्राने दंड वाचला. सूत्राचा आधार होता उरे वाए इको या वृद्धाने १८८६ मध्ये थॉमसनला ऐकवलेले उत्पत्तिगीत. परंतु ते गीत दंडावरचेच आहे याचा स्वतंत्र पुरावा नाही. फळ्यांची छायाचित्रे समोर ठेवली असता उरे वाए इको पाठ म्हणत गेला. मध्येच छायाचित्र बदलले तरी त्याच्या पठणात खंड पडला नाही, असे थॉमसननेच लिहिले आहे. पुढे ज्या लेखांत ते चिन्ह नाही तेथेही ते अध्याहृत धरून सूत्र लावण्यात आले, तेव्हा सिद्धान्ताला खोटे पाडू शकेल अशी एकही जागा शिल्लक राहिली नाही. एकच चिन्ह, एकदा पितृत्व आणि एकदा संभोग: दोन्ही अर्थांत आंतरिक सुसंगती आहे, दोहोंनाही ‘मामारी’सारखी बाहेरची कसोटी नाही. सुसंगती ही सत्याची अट असेल, पण तिची पावती नव्हे.

५

मग ‘मामारी’तील उताऱ्याचे वेगळेपण कशात आहे? येथे मेतोरोची कथा बोलकी आहे. ताहितीचा बिशप जोसाँ याला १८६८ मध्ये केसांची दोरी गुंडाळलेली एक फळी भेट मिळाली आणि त्याने आणखी फळ्या मिळवल्या. ताहितीत मजुरी करणाऱ्या मेतोरो नावाच्या रापा नुई माणसाकडून त्याने त्या म्हणवून घेतल्या व सारे टिपून ठेवले. मेतोरोने समोरच्या आकृतींची वर्णने गुंफून पाठ म्हटला असावा असे दिसते. गीने दाखवल्याप्रमाणे चांद्रगणनेचा उतारा त्याने उलट दिशेने म्हटला आणि पौर्णिमेचे ठळक चिन्हही त्याला ओळखता आले नाही. म्हणजे संस्कृतीच्या आतल्या माणसाची साक्ष येथे चुकीची ठरली, आणि ती चूक दाखवून दिली ती संहितेच्या रचनेने.

यावरून रचना स्वयंपूर्ण आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. संरचनावादी विचाराला तो सोयीचाही आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. फळीवरील समूहांना रात्रींची नावे चिकटली ती बेटावरच्या लोकांनी १८८६ मध्ये सांगितली म्हणून. त्यांना फळ्या वाचता येत नव्हत्या. चंद्राच्या रात्री मात्र तोंडपाठ होत्या. ज्या धाडींनी आणि रोगाने वाचणारे नाहीसे केले, त्यांच्या तडाख्यातून मासगणनेची नावे वाचली, कारण ती लाकडावर अवलंबून नव्हती. लेखनाचा अर्थ लेखनाबाहेर, निरक्षर मानल्या गेलेल्या स्मृतीत, सुरक्षित राहिला होता. लेखन टिकते आणि बोलणे विरते, हे सर्वमान्य द्वंद्व येथे उलटे झाले आहे.

म्हणून या उताऱ्याचा धडा दुहेरी आहे. साक्षीवर विसंबून वाचले असते तर मेतोरोचा पाठ प्रमाण ठरला असता. केवळ रचनेवर विसंबले असते तर तीस कोरींची एक सुबक आकृती हाती आली असती. ती चंद्राची आहे, हे संभाव्य वाटले असते, परंतु ‘कोकोरे’च्या सहा आणि पाच रात्रींचा मेळ कधीच दिसला नसता. रचनेने साक्ष तपासली आणि साक्षीने रचना भरली. दोन्ही परस्परांपासून स्वतंत्र होत्या. थॉमसनला फळीवरील गटांची कल्पना नव्हती आणि फळी कोरणाऱ्याला थॉमसनची. स्वतंत्रांचा हा मेळ म्हणजेच प्रामाण्य. उम्बेर्तो एकोने अतिअर्थनिर्णयनाविषयी बोलताना संहितेच्या हेतूची कसोटी सांगितली: एका भागाचा अर्थ उरलेल्या संहितेने नाकारता कामा नये. ‘मामारी’ पाहता या कसोटीला जोड द्यावी लागते. उरलेल्या संहितेने तर नाकारू नयेच. संहितेशी ज्याचा हितसंबंध नाही अशा बाहेरच्या साक्षीनेही होकार द्यावा.

६

या निष्कर्षाची मर्यादा सांगितल्याशिवाय विवेचन पुरे होत नाही. चांद्रगणना ओळखता आली म्हणजे लिपी उलगडली असे नव्हे. कोर ‘रात्र’ या अर्थाची आहे हे कळले; तिचा उच्चार काय, ती शब्द आहे की नुसती मोजखूण, हे कळले नाही. मासा ‘वाढ-घट’ दाखवतो की ध्वनी सुचवतो, हेही नाही. २००७ मध्ये पोझ्दन्याकोव्ह पितापुत्रांनी बहुतेक सर्व लेखन सुमारे ५२ मूलचिन्हांत बसवता येते असे दाखवून ही लिपी अवयववाचक असावी असा कौल दिला. परंतु ‘मामारी’तील या उताऱ्याने त्याला पुरावा मिळत नाही, कारण याद्या आणि मोजदादी हा लेखनाचा असा प्रांत आहे जेथे भाषेची गरज सर्वांत कमी असते. जो भाग सर्वांत आधी समजला तोच भाग भाषेविषयी सर्वांत कमी सांगतो, हा या यशातला विरोधाभास आहे. त्याच फळीवरील उरलेल्या ओळींत चंद्रकोरी आढळल्या तरी तेथे रात्री मोजू नयेत, हेही ओघानेच येते. स्थान बदलले की मूल्य बदलते.

२०२४ मध्ये रोममधील चार फळ्यांच्या लाकडांचे कालमापन प्रसिद्ध झाले. तीन लाकडे एकोणिसाव्या शतकातली निघाली, एक पंधराव्या शतकातले. लाकडाचे वय म्हणजे कोरण्याचे वय नव्हे, हे खरे. तरीही युरोपीय जहाजे येण्यापूर्वी या बेटाने स्वतःचे लेखन निर्माण केले असण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे. तसे असेल तर मानवी इतिहासात लेखनाचा स्वतंत्र शोध लावणाऱ्या अगदी थोड्या समाजांत या चिमुकल्या बेटाची गणना करावी लागेल. अशा संहितेविषयी बोलताना घाईने केलेला प्रत्येक उलगडा हा त्या समाजावर लादलेले आणखी एक परके पठण ठरतो; मेतोरोच्या पठणाला निदान पोटाची गरज हे कारण होते.

‘मामारी’वर दोन रात्री राखून ठेवलेल्या आहेत. आकाश पाहिल्यावर त्या घ्यायच्या, न पाहता नाही. हजार चिन्हांपैकी कितींचा अर्थ सांगायचा आणि कितींचा पुरावा येईपर्यंत राखून ठेवायचा, या प्रश्नाचे उत्तरही त्याच रीतीने द्यावे लागते.